काम्पफ्लीच्या कार्डावरची कोरी जागा

ताई, तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले, आणि कालपासून मला तुझा इतका राग आलाय की दुःख करायला नीट सवडच मिळत नाही. लोक येतात, माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, लीलाताई किती शांत होत्या. मी मान डोलावतो. मनात म्हणतो, शांत कसली, लबाड होती. हे सगळं तुला तोंडावर ऐकवायला हवं होतं. आता लिहून ऐकवतोय. या वेळी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

कालचं आधी ऐक. परवा तुझी तेरवी आटोपली. काल सकाळी माझ्या घरून, वाडीहून निघून मी रामदासपेठेत तुझ्या फ्लॅटवर आलो. तुझी लेक रश्मी आणि अन्वी नॉर्वेला परत जायच्या आत तुझ्या शब्दांच्या कार्डांचं काय करायचं ते ठरवू, असं आमचं बोलणं झालं होतं. कपाट उघडलं तर खालचा कप्पा रिकामा. साड्यांची चार खोकी, ज्यांच्यात साडी कधीच नव्हती, ती चारही गायब. तुझी नणंद, कुसुमताई, पदर खोचून घर आवरत होत्या. मी विचारलं, "इथली खोकी कुठं गेली?"

"जुन्या लग्नपत्रिका होत्या त्याच्यात, भाऊ," त्या म्हणाल्या. "कापलेल्या, मागून लिहिलेल्या. पण गणपती होते नं त्याच्यावर. केरात कशा टाकू? सकाळीच मंदिरात गेली आणि निर्माल्य कलशात घालून आली. नमस्कार करून घातल्या."

नमस्कार करून! ताई, केरात टाकल्या असत्या तरी परवडलं असतं. मी निदान पोटभर ओरडलो असतो. पण गणपतीला नमस्कार करून आलेल्या पंचाहत्तरीच्या बाईवर कसं ओरडायचं? तरी ओरडलोच. "अकरा वर्षांचं काम होतं ते!" म्हणालो. त्या रडायला लागल्या. रश्मी स्वयंपाकघरातून धावत आली. मी चपला अर्धवट घालून जिना उतरलो.

आणि यात सगळा दोष कुसुमताईंचा नाही, तुझाही आहे. सरळ वहीत लिहिलं असतंस तर कोणी हात लावला नसता. पण तुला लग्नपत्रिका आवडायच्या. कागद जाड, मागची बाजू कोरी, शाई फुटत नाही. नातेवाइकांत लग्न ठरलं की तू नवरा-नवरीच्या आधी पत्रिकेच्या कागदाची चौकशी करायचीस. अन्वी झाली तेव्हा बाळंतपणासाठी रश्मीकडे गेलीस, तिथल्या वाचनालयात परक्या लोकांसाठी चालणाऱ्या गप्पांच्या वर्गात जाऊन बसलीस, आणि सहा महिन्यांनी परत आलीस ती नॉर्वेजियन बोलत. भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. मी तुला म्हटलं होतं, नातीशी बोलायला मराठी शिकव तिला. तू म्हणालीस, "ते तर शिकवीनच. पण तिचे शब्द कुठून आले ते मले माहीत नको?" तेव्हापासून एका कार्डावर एक शब्द. वर नॉर्वेजियन, खाली मराठी अर्थ, त्याच्या खाली तो शब्द कुठून कुठून फिरत आला त्याची एक ओळ. आणि तळाला दोन सह्या.

या दोन सह्यांनी तू आम्हा सगळ्यांना किती छळलंस! तुझा नियम असा, की ज्याला ती वस्तू माहीत आहे त्याने आधी सही करायची, मग शब्द जाणणाऱ्याने, म्हणजे तू. तो चीज कापायचा चपटा चमचा आणलास तिथून, ओस्तेहोवेल. मी म्हटलं, लिही किसणी आणि मोकळी हो. नाही. खिडक्या दुरुस्त करायला सुतार आला होता, त्याच्या हातात दिलास. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाई, हा तं रंधा हाय. लाकडाचा नाही, खायच्या वस्तूचा." तू आनंदाने ओरडलीस, कारण मूळ शब्दातही चीजचा रंधाच होता. त्या सुताराची सही घेतलीस, त्याला चहा दिलास, आणि खिडकी तशीच नादुरुस्त राहिली. भुसभुशीत बर्फाच्या कार्डावर माझी सही आहे, कारण नागपुरात दुसरं कोणी बर्फात राहिलेलं तुला सापडलं नाही.

विमानाची कार्डं तर साहजिकच माझ्याकडे आली. बत्तीस वर्षं हवाई दलात विमानांची इंजिनं उघडून परत जोडली मी. आपल्या नेहमीच्या गुरुवारी तू मला समोर बसवून सांगितलंस, आपला विमान हा शब्द मापण्यावरून आलेला आहे, मापून काढलेली वस्तू. मी खूश झालो. जन्मभर मापंच तर घेत होतो. लगेच सही केली. मग यागरफ्ली आलं. यागर म्हणजे शिकारी. शिकारी विमान. तेही पटलं, सही केली. आणि मग त्याच बैठकीत तू तिसरं कार्ड काढलंस. अन्वीने फोनवर विचारलेला शब्द होता तो. तिच्या शाळेवरून सरावाची विमानं जातात, पोरं खिडकीकडे धावतात आणि ओरडतात, काम्पफ्ली. "आजी, ह्याला मराठीत काय?"

लढाऊ विमान. विषय संपला होता. पण तुझी ती तिसरी ओळ! तू चष्मा पुसून वाचायला लागलीस. फ्ली हे उडतं यंत्र या जुन्या लांबलचक शब्दाचं आखूड झालेलं रूप. काम्प म्हणजे लढाई. तो आला जर्मन बाजूने, आणि त्यांच्याकडे आला लॅटिनमधून. आणि लॅटिनमधला काम्पुस म्हणजे लढाई नव्हेच, मोकळं मैदान. वावर. वावरात दोन सैन्यं समोरासमोर उभी राहायची म्हणून वावराचं नाव लढाईला चिकटलं. मग तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. "पाह्य गा बाळू, एवढ्या मोठ्या लढाईच्या विमानाच्या पोटात वावर निघालं! आपल्या बाबांचं होतं तसं वावर!"

आणि मी भडकलो. "वावर-बिवर काही नाही त्याच्यात. मी उघडून पाहिलंय. सही करणार नाही."

"काहून पण?"

"तुले नाही समजणार."

एवढंच बोललो. दीड वर्ष एवढंच बोलत राहिलो. दर गुरुवारी तू कार्ड काढायचीस, मी पेन बाजूला ठेवायचो. तू म्हणायचीस, शब्द खोटं बोलत नाहीत. मी म्हणायचो, शब्द बसल्या जागी फुलं वाहतात, नुसतं सजवतात. तू कधी चिडलीस नाहीस. तूच चिडायला हवं होतंस.

काहून ते आता सांगतो. तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

मी तिशीत असताना आमचं एक विमान पडलं होतं. इथलं नाही, लांब, वेगळ्याच मुलुखात. वैमानिक हवाई छत्रीने उतरला, जगला. विमान एका हरभऱ्याच्या शेतात गेलं. तुकडे वेचायला जी तुकडी गेली तिच्यात मी होतो. चार दिवस मी घाट्यांवर आलेल्या हरभऱ्यात गुडघ्यांवर बसून पत्रा, तारा, नट वेचत होतो. ज्या नटांना मीच कधी पाना लावला होता, ते. अर्धं शेत जळून काळं झालेलं, उरलेलं आमच्या बुटांनी तुडवलं. शेताची मालकीण म्हातारी होती. पहिल्या दिवशी ती बांधावरून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मडक्यातून पाणी घेऊन आली, आम्हा सगळ्यांना दिलं, आणि मला विचारलं, हे तुमचंच होतं का रे बाबा? मला हो म्हणवेना. मी पाणी प्यालो आणि खाली बघितलं.

म्हणून तू जेव्हा हसत हसत म्हणालीस की विमानाच्या पोटात वावर आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वावराच्या पोटात विमान होतं. हे तुला चार वाक्यांत सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुझ्या आनंदाला डाग लागेल म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

आता पुढचं ऐक, हे तुला मुळीच माहीत नाही. तू गेलीस त्या आठवड्यातला मंगळवार. मी वाडीत घरासमोर उभा होतो. एक ट्रक थांबला, ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "चाचा, सोनबा का वावर किधर पड़ता है? माल उतारना है." मी हात करून दाखवलं, पुढून डावीकडे, निळ्या पत्र्याचं गोदाम. ट्रक गेला आणि मी तिथेच उभा राहिलो. तिथे कसलं वावर? मूठभर माती दिसत नाही. वीस वर्षं झाली, गोदाम आहे, सिमेंटचं आवार आहे, चोवीस तास ट्रक आहेत. सोनबा कधीच वारला, त्याची मुलं दुसरीकडे गेली. पण अख्खी वाडी, हमाल, ड्रायव्हर, पंजाबातून आलेला माणूससुद्धा त्याला वावरच म्हणतो. मीही म्हणतो. कोणी ठरवून जपलेलं नाही, पण ते जमिनीचं नाव काही निघत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, ताई. तू फुलं वाहत नव्हतीस. तू एवढंच सांगत होतीस की आधी वावर होतं. लढाई नंतर आली, विमान त्याच्याही नंतर आलं, आणि शब्दाला तो क्रम अजून पाठ आहे. त्या म्हातारीने मला विचारलं होतं तेच तुझी तिसरी ओळ सांगत होती. त्या शब्दातून वावर काढून टाकलं तर ती म्हातारीही निघून जाते, आणि उरतं फक्त आमचं चकचकीत विमान. मला तुझी ओळ हवी होती. मला तिच्यावर सही करायची होती.

गुरुवारी खिशाला चांगलं पेन लावून निघालो. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं. दवाखाना तुझ्याच गल्लीत, मी धावत आलो. तू नळ्यांमध्ये पडून मला विचारलंस, "जेवला काय गा?" दोन दिवस होतीस तू. दोन दिवस माझ्या खिशात पेन होतं. मी तुला रश्मीचं विमान कधी उतरणार ते सांगितलं, पाणी दिलं, पाय चेपले. कार्डाचा विषय काढला नाही. म्हटलं, अशा वेळी कुठं शब्दांचं घेऊन बसायचं, घरी आली की सांगू. त्याचा राग मी माझ्यावरच ठेवलाय, तुझ्यावर नाही. तुझ्यावरचा राग वेगळा आहे, आणि तो कालचा आहे.

तर मंदिर. कलश म्हणजे ते मोठं हिरवं पिंप. मी बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात घातला. झेंडू, बेलाची पानं, ओले हार, फुटक्या फ्रेममधले देव, आणि त्या सगळ्यात तुझी कार्डं. येणारेजाणारे बघत होते. एक गृहस्थ म्हणाले, "काका, निर्माल्य बाहेर काढत नसतात." मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. देवळाच्या पायरीवर मी वाती वळणाऱ्या बाईशेजारी बसून एकेक कार्ड धोतराने पुसत होतो. तोवर रश्मी आणि अन्वी धुण्याच्या बादल्या घेऊन आल्या. मागून कुसुमताईही आल्या. त्यांनी सरळ पिंपात हात घातला, आणि माझ्यापेक्षा जास्त कार्डं त्यांनीच काढली. प्रत्येक कार्ड काढताना गणपतीची माफी मागत होत्या, आणि तुझी.

शाई बहुतेक टिकली आहे. कागदाच्या बाबतीत तू बरोबर होतीस, तेवढं कबूल करतो.

घरी सगळ्या फरश्यांवर कार्डं पसरली, पंखे लावले. अन्वी पोटावर पालथी पडून अक्षर लावत लावत वाचत होती. अकरा वर्षांची पोर, तिकडे जन्मलेली, तुझं अक्षर वाचते! शोकसभेत साहित्य मंडळाचे एक गृहस्थ बोलून गेले की लीलाताईंना शब्दांचा गोड छंद होता. छंद! हेच महाशय तीन वर्षांपूर्वी म्हणाले होते, पुस्तक छापू, पण शब्द कुठून आला त्या ओळी काढा, वाचकाला अर्थ पुरतो. तू म्हणाली होतीस, "मग अर्थही नका छापू." आणि चहा अर्धा सोडून उठलीस. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता. एक ओळ सोडायला तू तयार नव्हतीस.

आणि अन्वीने ते कार्ड उचलून माझ्याकडे आणलं. "मामाआजोबा, यावर रेघ मारलीय."

काम्पफ्ली. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेलं. तिसरी ओळ, वावराची, तू एका सरळ रेघेने खोडली होतीस. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बाळू नाही म्हणतो. मी शब्द उघडला, त्याने विमान उघडलं आहे. काहीतरी पाहिलं असेल त्याने, सांगत नाही. त्याचंच राहू द्यावं."

ताई, हे काय आहे? मंडळासाठी एक ओळ खोडली नाहीस आणि माझ्या हट्टासाठी खोडलीस? तीही खरी ओळ! आणि मला सांगितलंही नाहीस. दर गुरुवारी भांडत राहिलीस, म्हणजे मला वाटावं की भांडण चालू आहे. कधी खोडलीस? किती गुरुवार तू मला हरलेल्या भांडणात जिंकवत होतीस?

हे तुझं जुनंच आहे. लहानपणी अष्टाचंगा खेळताना तुझी शेवटची सोंगटी नेहमी घराच्या दाराशी येऊन अडायची. तुला हवं ते दान कधी पडायचं नाही. मी नाचायचो, गल्लीभर सांगायचो की ताईला हरवलं. माझ्या लग्नात हळद लावताना मावशी बोलून गेली की तू कवड्या मुद्दाम उलट्या टाकायचीस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि हळद लागलेल्या अंगाने तुझ्याशी भांडायला आलो होतो. तू हसलीस. म्हणालीस, "लहान होता न गा तू." आता मी सदुसष्ट वर्षांचा आहे, ताई. अजून लहान? पाच वर्षांनी मोठी म्हणून जन्मभर तूच हरायचं, हा कुठला न्याय?

अन्वी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "मग बरोबर कोण? तुम्ही की आजी?"

"आजी," मी म्हणालो.

"मग तिनं का खोडलं?"

"माझ्यासाठी."

तिला ते पटलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, तुझ्यासारखी, उत्तर अपुरं आहे हे ओळखून. मग मी तिला हरभऱ्याचं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला सांगितलं. म्हातारीचं, मडक्याचं, नटांचं. रश्मी दारात उभी राहून ऐकत होती. अन्वीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी शाळेवरून गेलं की मी खाली पण बघेन." तुझीच नात आहे.

मी खिशातलं पेन काढलं. तुझ्या खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात पुन्हा लिहिली. काम्प, मुळात वावर. तुझ्या बारीक टिपेखाली लिहिलं, "बाळू हो म्हणतो." आणि वस्तू जाणणाऱ्याच्या जागी सही केली, दीड वर्ष उशिरा.

शेजारची जागा कोरी आहे. तू नेहमी दुसऱ्यांदा सही करायचीस. अन्वीने पेनासाठी हात पुढे केला. म्हणाली, शब्द मला माहीत आहे, मी करू? यापुढची कार्डं तीच करणार आहे. ती शब्द पाठवणार, मी इथे वस्तू जाणणारा माणूस शोधणार, असं आमचं ठरलंय. पण हे कार्ड मी तिला दिलं नाही. ती जागा तुझी आहे, ती तशीच राहील.

मी त्या गुरुवारी हरायलाच येत होतो, ताई. एकदा तरी मला हरू द्यायचं होतंस.